जुन्या इंजिनाची साफसफाई: क्लीनरची बाटली कुठवर पोहोचते?

गाडी दहा-बारा वर्षे चालली की तक्रारी सुरू होतात. सकाळी इंजिन पटकन सुरू होत नाही, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, पिकअप मंदावतो, अ‍ॅव्हरेज घटते. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, ‘कार्बन साचलाय, क्लीनर टाकून घ्या.’ दुकानातही अशा बाटल्यांची रांग असते. काही पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या, काही इंजिन ऑइलमध्ये. त्यांचा खरोखर उपयोग होतो का? होतो, पण मळ कुठे साचला आहे आणि बाटली कोणती आहे, यावर ते ठरते. हे न पाहता केलेली सफाई इंजिनाच्या जिवावर बेतू शकते.

इंजिनातला मळ एकाच जातीचा नसतो. पहिला प्रकार इंधनाच्या वाटेवरचा. गरम इंजिन बंद केल्यावर इंजेक्टरच्या टोकाशी उरलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. इंजेक्टरची छिद्रे अतिशय बारीक असल्याने थोडा थरही पेट्रोलचा फवारा बिघडवतो. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर आणि पिस्टनच्या माथ्यावरही असाच थर भाजून कडक होतो. दुसरा प्रकार ऑइलच्या वाटेवरचा. सततच्या उष्णतेने ऑइलचे ऑक्सिडेशन होते, त्यात काजळी, न जळालेले इंधन आणि पाण्याचा अंश मिसळतो आणि काळा, ग्रीससारखा गाळ तयार होतो. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही, त्यामुळे ऑइलमधले पाणी उडून जात नाही. कमी चाललेली गाडी आतून स्वच्छच असेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

टाकीत ओतायचा क्लीनर साबणासारखे काम करतो. त्याच्या रेणूचे एक टोक मळाला चिकटते, दुसरे टोक पेट्रोलमध्ये विरघळते. मळ कणाकणाने सुटतो आणि इंधनाबरोबर जळून जातो. या कामासाठी पॉलीइथर अमाइन हे रसायन सर्वात प्रभावी समजले जाते, कारण ते उच्च तापमानातही टिकते आणि जळताना स्वतःचा फारसा थर मागे ठेवत नाही. खरेदी करताना बाटलीवर हे नाव आहे का, ते पाहावे.

पेट्रोलमधल्या अशा घटकांचे महत्त्व अमेरिकेत लवकर ओळखले गेले. तिथे 1995 पासून पेट्रोलमध्ये मळ रोखणारे घटक घालणे सक्तीचे आहे. ते प्रमाण अपुरे वाटल्याने काही मोटार कंपन्यांनी 2004 मध्ये ‘टॉप टिअर’ हा अधिक कडक निकष आणला. ‘ट्रिपल ए’ या तिथल्या वाहनचालक संघटनेने 2016 मध्ये दोन्ही प्रकारचे पेट्रोल तपासले. सुमारे 6,400 किलोमीटर प्रवासाइतक्या चाचणीनंतर साध्या पेट्रोलने सरासरी 19 पट जास्त थर साचवला होता.

मात्र क्लीनर जिथे पोहोचतो तिथेच काम करतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या अलीकडे पेट्रोल फवारतो, त्यामुळे व्हॉल्व्हही धुतला जातो. काही नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते. तिथे टाकीतला क्लीनर व्हॉल्व्हला स्पर्शही करत नाही. तो थर वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो. शिवाय दोष झिजलेल्या स्पार्क प्लगमध्ये, तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये किंवा घटलेल्या कॉम्प्रेशनमध्ये असेल, तर बाटलीवरचा खर्च वायाच जातो.

खरा धोका आहे तो ऑइलमध्ये टाकायच्या ‘इंजिन फ्लश’मध्ये. हे द्रावण ऑइलमध्ये ओतून, इंजिन काही मिनिटे जागेवर सुरू ठेवून सगळे ऑइल काढून टाकायचे असते. इंजिन बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर सहसा बिघडत नाही. पण वर्षानुवर्षे ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात गाळाचे थर असतात. फ्लशने त्यांचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की वरच्या भागांना ऑइल मिळत नाही, बेअरिंग घासतात आणि इंजिन जाम होऊ शकते. कडक झालेल्या जुन्या सीलभोवतीचा गाळ निघाला, की गळतीही सुरू होते.

म्हणून आधी ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे. झाकणाखाली काळा जाड थर दिसला, तर फ्लशच्या वाटेला जाऊ नये. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे चांगले ऑइल भरावे आणि पुढचे दोन-तीन वेळा ते फिल्टरसह नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदलावे. इंजिन ऑइलमध्ये मळ सोडवणारे आणि तो तरंगत ठेवणारे घटक मुळातच असतात. ते हळू काम करतात, म्हणूनच सुरक्षित असतात. झाकणाखाली दुधाळ फेस दिसत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असण्याची शक्यता आहे. गाडी आधी मेकॅनिकला दाखवावी. ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी सुरक्षितपणे बाजूला थांबवून इंजिन लगेच बंद करावे.

इंजिनाइतकीच स्वतःची काळजीही हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो. वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायने असतात, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि ते ऑइल गटारात न ओतता गॅरेजमध्ये जमा करावे. क्लीनरच्या बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. चुकून पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण द्रव फुफ्फुसात शिरण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

टाकीतला चांगला क्लीनर, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात, अधूनमधून वापरायला हरकत नाही. मात्र वेळेवर ऑइल बदलण्याची जागा कोणतीच बाटली घेऊ शकत नाही.