बीपीची गोळी मोबाईलच्या भरवशावर सोडू नका

वजन कमी करायचे कार्यक्रम आता मोबाईलवर गावोगाव पोचलेत. रोजचं चालणं, जेवण, वजन त्यात भरायचं. सवय लागायला हे चांगलंच. पण एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण एका अंकानंच खाली येतं. 160 वाल्याचं पाच किलोत भागत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी वजन उतरलं म्हणून गोळी परस्पर सोडली; दोन महिन्यांनी मोजलं तर 180!

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचं, पापड, ठेचा त्यातच धरायचा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बीपी उपकेंद्रात फुकट मोजतात. आकडा वहीत लिहा आणि गोळीचं डॉक्टरांनाच ठरवू द्या.