दारात अडवलेला माणूस आणि राज्यघटना

अहमदाबादच्या दिवाणी न्यायालयात 12 जानेवारी 1948 रोजी एक दावा दाखल झाला. मुंबई प्रांताने आदल्याच वर्षी हरिजन मंदिर प्रवेश कायदा केला होता. विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेही 1947 चेच. आमचा पंथ हिंदू धर्माहून वेगळा आहे, तेव्हा हा कायदा आमच्या मंदिरांना लागू होत नाही, असे स्वामिनारायण पंथाच्या काही अनुयायांचे म्हणणे होते. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 18 वर्षे लागली. एवढ्या काळात देश प्रजासत्ताक झाला आणि धर्मस्वातंत्र्य मूलभूत हक्कांत आले. पण दारात अडवलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न तेव्हाही सहज सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही.

घटनाकारांनी त्याचा विचार केला होता. अनुच्छेद 25 प्रत्येक व्यक्तीला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. त्याच अनुच्छेदात सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार शासनाला दिला आहे. अनुच्छेद 26 पंथांना आपले धार्मिक व्यवहार चालवू देतो, तर 27 एखाद्या धर्माच्या पोषणासाठी कर लादू देत नाही. 2 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते, की या देशात धर्म जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे आयुष्य व्यापतो. म्हणून श्रद्धा आणि खरोखर धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरतीच धर्माची व्याख्या मर्यादित ठेवली पाहिजे. लग्न, वारसा, जमीनजुमला यांत कायद्याला मोकळीक हवी, हा त्यांचा आग्रह होता.

सुरुवातीचे निकाल याच वाटेने गेले. 1951 साली मुंबई उच्च न्यायालयाने नरसू अप्पा माळी खटल्यात हिंदू द्विभार्याबंदीचा कायदा वैध ठरवला. 1954 साली रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा बहुतांशी मान्य केला. हिशेब तपासणे, नोंदणी करणे हे शासनाचे कामच. पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून नेमता येईल, ही तरतूद न्यायालयाने रद्द केली. देवस्थानाचा पैसा कुठे गेला, हे सरकारने विचारावे, गादीवर मात्र बसू नये. ही रेषा आजही मला सर्वांत शहाणी वाटते.

त्याच वर्षी उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात न्या. बी. के. मुखर्जी यांनी म्हटले, की धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवावे. हेतू संरक्षणाचा होता, पण पुढे ठरवण्याचे काम न्यायाधीशांकडे आले. साताऱ्याचे न्या. पी. बी. गजेंद्रगडकर यांनी 1961 साली अजमेर दर्ग्याच्या खटल्यात अंधश्रद्धेतून चिकटलेल्या प्रथा बाजूला काढण्याची भाषा आणली. 14 जानेवारी 1966 रोजी त्यांनीच स्वामिनारायण खटल्याचा निकाल दिला. त्यात लोकमान्य टिळकांनी केलेल्या हिंदू धर्माच्या व्याख्येचा आधार घेऊन हा पंथ हिंदूच आहे, असे ठरवले. मंदिर खुले झाले, हे उत्तमच झाले. पण त्यासाठी न्यायालयाला कोणाचा धर्म कोणता, हे सांगावे लागले. मला खटकते ते इथे.

त्या वाटेचा धोका 1962 सालीच दिसला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्यात, बहिष्काराला आळा घालणारा 1949 चा मुंबईचा कायदा न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. धर्मगुरूचा बहिष्काराचा अधिकार हा पंथाच्या व्यवहाराचा भाग ठरला. सरन्यायाधीश भुवनेश्वर सिन्हा एकटे विरोधात उभे राहिले. मशीद आणि दफनभूमी यांना मुकलेल्या माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी पाहिले. बहुमताची नजर पंथावर होती, सिन्हांची माणसावर.

वेगळा रस्ता 1986 साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सापडला. केरळमधली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले गेले. त्यांची श्रद्धा आपल्याला पटते का, हे न्यायालयाने पाहिले नाही. ती प्रामाणिक आहे का, एवढेच पाहिले आणि मुलांना परत शाळेत पाठवले.

2014 साली बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा 1973 चा पंढरपूर मंदिरे कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला. बडवे गेले, भाविकांची एक अडचण सरली. मात्र सरकारने नेमलेली समिती हीच नवी गादी होऊ नये, याची काळजी रतिलाल गांधी निकालाने आधीच शिकवली आहे.

1 एप्रिल 2016 रोजी शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 1956 च्या मंदिर प्रवेश कायद्यावर बोट ठेवले: पुरुष जिथे जातात, तिथे स्त्रियांना अडवता येणार नाही. शनिदेवाच्या उपासनेत आवश्यक काय, याची चर्चा करण्याची गरजच पडली नाही. आठवडाभरात, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा खुला केला.

28 सप्टेंबर 2018 च्या शबरीमला निकालात हा वाद सर्वांत ठळक झाला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्त्रियांना वगळण्याची तुलना अस्पृश्यतेशी केली. श्रद्धेची तर्कशुद्धता न्यायालयाने तपासू नये, असे न्या. इंदू मल्होत्रा यांनी विरोधी मतात लिहिले. 2019 साली यातले व्यापक प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेले, त्यानंतर बोहरा बहिष्काराचा प्रश्नही 2023 साली नऊ न्यायाधीशांकडे सोपवण्यात आला.

मल्होत्रांचा इशारा आणि सिन्हांची करुणा दोन्ही एकत्र नांदू शकतात, असे माझे ठाम मत आहे. न्यायालयाने धर्माचे सार शोधू नये. या प्रथेमुळे कोणाचे नागरिकत्व उणे होते, कोणाला स्मशान, पाणी, देऊळ, समाज नाकारला जातो, हे विचारावे. कोणाचेच काही हिरावले जात नसेल, तर प्रथा कितीही अतर्क्य असो, तिला हात लावू नये. हिरावले जात असेल, तर ती कितीही प्राचीन असो, घटनेने आड यावे. बहिष्कृत बोहरा, शाळेबाहेर काढलेले मूल आणि चौथऱ्याखाली थांबवलेली स्त्री यांना हा एकच निकष पुरतो.