दांड्यावरचा हात : प्रोग्रेसिव्ह रीलोडिंग प्रेस सुरळीत कशी करायची

या मालेत आपण एकेक यंत्र उघडून बघतो आहोत. आजचं यंत्र आपल्याकडे सहसा दिसत नाही. अमेरिकेत मात्र नेमबाजीचा शौक असलेल्यांच्या गॅरेजमध्ये ते बाकाला बोल्टने जखडलेलं सापडतं. वापरलेल्या पितळी पुंगळ्यांपासून पुन्हा काडतुसं तयार करणारी ही प्रोग्रेसिव्ह रीलोडिंग प्रेस.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून पुढे जाऊ. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. आपल्याकडे हे काम अशा ठिकाणी होतं, घरात नाही. त्यामुळे जिथे कायद्याने मुभा आहे तिथल्या श्रोत्यांना आजची माहिती थेट उपयोगी पडेल. बाकीच्यांनी ती एक यंत्र म्हणून ऐकावी, कारण ‘यंत्र सुरळीत करणं म्हणजे नेमकं काय’ हा प्रश्न कुठल्याही यंत्राला लागू आहे.

एका ओढीत पाच कामं

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी झाडली की पुंगळी फुगते, प्रायमर जळतो, पण पितळ शाबूत राहतं. ते पुन्हा वापरायचं तर पुंगळी दाबून मूळ मापात आणायची, जुना प्रायमर काढायचा, नवा बसवायचा, दारू टाकायची, गोळी बसवायची आणि तोंड आवळायचं.

साध्या प्रेसवर प्रत्येक कामाला डाय बदलावी लागते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये सगळ्या डाय एकाच वेळी वर बसवलेल्या असतात आणि खाली एक गोल प्लेट फिरते. पुंगळ्या त्या प्लेटच्या खाचांमध्ये उभ्या असतात. दांडा खाली ओढला की रॅम वर जातो आणि सगळ्या पुंगळ्या आपापल्या डायमध्ये एकदम शिरतात. दांडा परत वर नेला की रॅम खाली येतो, प्लेट एक घर पुढे सरकते आणि शेवटी दांडा थोडा पुढे ढकलला की प्रायमर बसतो. सगळी घरं भरली की दर ओढीला एक काडतूस तयार. डिलनच्या एक्सएल ६५० वर अशी पाच घरं आहेत आणि प्लेट आपोआप फिरते. त्याच कंपनीच्या आरएल ५५० वर चार घरं आहेत, पण प्लेट हाताने फिरवावी लागते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सुरळीतपणा कशासाठी?

बहुतेकांचं उत्तर असतं, वेगासाठी. आमच्या मते खरं कारण दुसरं आहे. या यंत्रात पाच कामं एकाच दांड्याला जोडलेली आहेत. त्यातलं एखादं चुकलं तर तुम्हाला कळणार कसं? डोळे एका वेळी एकाच घरावर असतात. उरलेल्या चार घरांची खबर हातालाच मिळते. प्रायमर तिरपा बसतोय, नऊ मिलिमीटरच्या ढिगात चुकून दुसऱ्या मापाची पुंगळी आली आहे, एखाद्या पुंगळीत खडा अडकलाय, हे सगळं दांड्यावर ‘थोडं वेगळं’ लागतं.

आता दांडाच दर ओढीला अडखळत असेल, करकरत असेल, शेवटी दणका देत असेल, तर हे ‘थोडं वेगळं’ त्या गोंगाटात बुडून जातं. माणूस जोर लावायला शिकतो, आणि जोर लावून प्रायमर बसवणं धोक्याचं आहे. प्रायमर दाबाने आणि ठोक्यानेच पेटायला बनवलेला असतो. यंत्र गुळगुळीत करायचं ते हाताला नीट ऐकू यावं म्हणून.

दोष शोधायची पद्धत

सुटे भाग मागवण्याआधी अडखळ नेमकी कुठल्या घरात आहे ते शोधा. प्रायमर आणि दारू, दोन्ही पूर्ण काढून ठेवा. मग रिकाम्या यंत्राचा दांडा दहा-बारा वेळा चालवा. इथेच करकर लागली तर दोष सांध्यांत, रॅममध्ये किंवा प्लेट फिरवणाऱ्या भागात आहे. रिकामं यंत्र ठीक चाललं तर एकच पुंगळी पहिल्या घरात घाला आणि तेवढंच काम करून बघा. मग तीच दुसऱ्या घरात, तिसऱ्यात, अशी एकेक करत पुढे न्या. एका वेळी एकच घर चालू ठेवलं की दोषी कोण ते लपत नाही. पाचही घरं भरून ‘कुठेतरी जड जातंय’ म्हणत बसलं तर आठवडा जातो.

नेहमी सापडणारी चार कारणं

पहिलं कारण बाक. यंत्र कितीही चांगलं असो, बाक हलत असेल तर तुमच्या ओढीचा काही भाग लाकूड वाकवण्यात जातो. दर वेळी रॅम सारखाच वर जात नाही आणि गोळी बसण्याची खोली बदलत राहते. दारू मापणाऱ्या बहुतेक यंत्रणांना पूर्ण ओढ लागते; ओढ अपुरी झाली की दारू कमी पडते. म्हणून पहिला खर्च जाड फळी, मजबूत पाय आणि भिंतीला आधार यावर करावा.

दुसरं कारण घाण. जुन्या प्रायमरची राख करकरीत असते. ती रॅमवर आणि सांध्यांत साचते, तेलात मिसळते आणि घासण्याची पेस्ट तयार होते. वर नुसतं तेल ओतत राहिलं तर पेस्ट आणखी पसरते. आधी पुसायचं, मग अगदी थोडं वंगण द्यायचं. या राखेत शिसं असतं. हवेच्या फवाऱ्याने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नका. प्रायमर आणि दारूच्या वाटेत तेल येऊ देऊ नका, ते दोघांनाही निकामी करतं.

तिसरं कारण प्लेटचा ताण. मधला बोल्ट फार आवळला तर प्लेट जड फिरते, फार सैल सोडला तर डुगडुगते आणि प्रायमर तिरपे बसतात. रीत अशी: प्लेट अडेपर्यंत बोल्ट आवळायचा, मग ती मोकळी फिरेल पण वरखाली हलणार नाही इतकाच मागे घ्यायचा, आणि छोट्या स्क्रूने तिथेच पक्का करायचा.

चौथं कारण कोरडी पुंगळी. ओढीतला सर्वांत मोठा जोर पहिल्या घरात, पुंगळी मापात आणताना लागतो. पिस्तुलाच्या कार्बाइड डायला वंगणाची गरज नाही असं सांगतात, ते बरोबरही आहे. तरी लॅनोलिन आणि अल्कोहोलचा हलका फवारा मारून पुंगळ्या वाळू दिल्या, तर दांडा हातात एकदम हलका होतो. इतका फरक पाडणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

सुटे भाग : घ्यावेत का?

एवढं झाल्यावर जे उरेल त्यासाठी सुटे भाग. सर्वांत परिचित तक्रार एक्सएल ६५० सारख्या प्रेसची आहे. प्लेट पुढच्या घरात जाताना स्प्रिंगवरची छोटी गोळी खळग्यात खटकन बसते. त्या झटक्याने नऊ मिलिमीटरच्या बुटक्या, काठोकाठ भरलेल्या पुंगळीतून दारू सांडते. उपाय दोन: ती स्प्रिंग थोडी मऊ करणं, आणि बोल्टखाली सपाट नीडल बेअरिंग बसवणं. मऊपणाला मर्यादा आहे. स्प्रिंग फार मऊ झाली तर प्लेट घरात नीट बसत नाही आणि प्रायमर कडेला आपटतो. हॉर्नडीच्या लॉक-एन-लोड एपीने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे प्लेट अर्धं घर रॅम वर जाताना आणि अर्धं खाली येताना सरकते, त्यामुळे झटका वाटला जातो.

दांड्याच्या टोकाला गोळ्याऐवजी फिरणारा रोलर लावला की तळहात आणि मनगट कमी दुखतं, थकवा कमी होतो आणि लक्ष टिकतं. हा बदल आम्ही चांगला मानतो. मोटर लावण्याबद्दल मात्र विचार करावा. मोटर थकत नाही, पण तिला हातही नाही. तिच्यासोबत अडथळा ओळखून थांबणारी क्लच आणि सेन्सर हवेतच, आणि तरी काही खबरा कायमच्या बंद होतात.

ज्या सुट्या भागाबद्दल आम्हाला शंका नाही तो म्हणजे दारूची पातळी तपासणारी डाय. दारू कमी किंवा जास्त असली की काही डाय आवाज करतात, काही दांडाच अडवतात. दारू पडलीच नाही, तर प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. हाताने फिरणाऱ्या प्लेटवर उलटा धोका असतो: प्लेट फिरवायची राहिली आणि दांडा पुन्हा ओढला, तर त्याच पुंगळीत दुप्पट दारू. म्हणून अनुभवी लोक अशी फुगीर दारू निवडतात की दुप्पट पडली तर ती बाहेर सांडून डोळ्यांना दिसावी. प्रमाण मात्र छापील मॅन्युअलमधलंच घ्यायचं, कुणी तोंडी सांगितलेलं नाही.

शेवटचा नियम. यंत्र अडलं की अर्धवट दांडा पुढेमागे करून सोडवू नका. थांबा, प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या काढा, ज्यांत दारू पडली असेल त्या रिकाम्या करा, आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरू करा. डोळ्यांना चष्मा असू द्या. यात दोन मिनिटं जातील. चांगल्या जुळवलेल्या प्रेसवर ती दोन मिनिटं क्वचितच मोजावी लागतात, कारण अडखळ यायच्या आतच हाताला ती कळलेली असते.

आता प्रश्न घेऊ.