पिल्लू कुणावर गेलं?

परसातली कोंबडी : लेखांक ६

गेल्या लेखांकात पिल्लं बल्बच्या उबेत रुळली, मानमोडीची लस त्यांच्या डोळ्यात पडली आणि खालचा भुस्सा कोरडा कसा ठेवायचा तेही पाहून झालं. एवढं उरकलं की घरोघरी एकच पैज लागते. हे पिवळं काय निघणार? ते काळं तसंच राहील का? डोक्यावर ठिपका आहे तो कोंबडा की तलंग?

ही पैज नुसत्या करमणुकीची नसते. गिऱ्हाईक रंग बघून भाव करतं. जन्मभर उकिरडा उकरून वाढलेला पक्षी पांढरा असला की बाजारात त्याला ब्रॉयलरच समजतात, आणि चार पिढ्या ब्रॉयलरच्या नात्यातला तांबडा, झुपकेदार शेपटीचा कोंबडा आखाडात ‘अस्सल गावरान’ म्हणून हातोहात जातो. उलट्या पिसांच्या कोंबडीला तर देवदेवस्कीवाले शोधत येतात. म्हणून दोन-तीन दिवसांच्या पिल्लाचा पुढचा रंग थोडाफार वाचता आला तर कुठलं ठेवायचं आणि कुठलं विकायचं याचा विचार लवकर करता येतो.

मात्र पिल्लाआधी त्याचे आईबाप पाहावे लागतात, आणि परसात नेमकी तिथंच पंचाईत होते. आई बहुधा ठाऊक असते, निदान अंड्याच्या रंगा-आकारावरून अंदाज बांधता येतो. बापाचं काय? कोंबडीच्या अंडनलिकेत वीर्य साठवून ठेवणाऱ्या बारीक नळ्या असतात. एकदा कोंबडा लागला की पुढचे दोन आठवडे, कधी तीन, ती फलित अंडी देऊ शकते. तुमचा तांबडा कोंबडा पाव्हण्यांच्या ताटात गेला तरी आठवड्याभरानंतरच्या अंड्यातून त्याचीच पोरं निघतात. आणि मधल्या काळात शेजाऱ्याचा पांढरा कुंपण ओलांडून येऊन गेला असेल, तर एकाच खुडूक कोंबडीखाली दोन बापांची पिल्लं शेजारी शेजारी वाढतात. बापाची खात्री हवी असेल तर कोंबड्या ठरलेल्या कोंबड्याबरोबर वेगळ्या कोंडायच्या आणि तीन आठवड्यांनंतरचीच अंडी उबवायला ठेवायची. याला दुसरा उपाय नाही.

शिवाय आपण जिला गावरान म्हणतो तिच्यात काय काय मिसळलंय याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. सरकारी केंद्रांतून वाटलेले ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातला गिरिराज, हैदराबादचा वनराज, कुणाच्या तरी शेडमधून सुटलेला लेगहॉर्न, हे सगळे गेल्या काही दशकांत आपल्या खुराड्यांत येऊन गेले आहेत. त्यामुळे आई तांबडी, बाप तांबडा आणि पिल्लू भलतंच, असं झालं की शेजारणीच्या कोंबड्यावर आळ घेण्याआधी आजी-आजोबाही आठवून पाहावेत.

आता पिल्लू तळहातावर घ्या आणि उन्हात धरा, बल्बच्या पिवळ्या उजेडात रंग फसवतात. पाठीवर मधोमध गडद तपकिरी पट्टा, त्याच्या दोन्ही कडांना फिकट रेघा, आणि डोळ्यामागून मानेकडे गेलेली काजळाची बारीक ओढ दिसली, तर ते मूळ रानकोंबड्याच्या वळणाचं पिल्लू. पाचोळ्यात ते स्थिर बसलं की घारीला सहज दिसत नाही. अशांतल्या तलंगा बहुतेक करून तपकिरी, बारीक नक्षीच्या आणि छातीला विटकरी-गुलबट अशा होतात. कोंबडे मात्र मानेला-पाठीला तांबूस-सोनेरी आणि छातीला-शेपटीला काळे. एकाच लवेतून दोन इतके वेगळे पोशाख निघतात, म्हणून या पिल्लाबद्दल बोलताना आधी नर की मादी हे विचारावं.

काळ्या पिल्लांनी पुष्कळांची फसगत होते. पाठ काळी, पण पोट, गळा आणि पंखांची टोकं पिवळट-पांढरी. पाहणारा म्हणतो, हे काळं-पांढरं निघणार. तसं होत नाही. ऑस्ट्रॉलॉर्पचं शुद्ध पिल्लू असंच दिसतं आणि मोठेपणी हिरवट झाक मारणारं पूर्ण काळं होतं. पंखाच्या टोकाची पहिली पांढरी पिसंसुद्धा पुढच्या पीसगळीत जातात. आईबापांतलं एकच काळं आणि दुसरं तांबडं असेल, तर काळ्या पोशाखातून तांबडा रंग फुटतो. तलंगेच्या मानेला आणि छातीला सोनेरी कड येते, कोंबड्याच्या खांद्यावर आणि पाठीवर तांबूस पिसं उतरतात. हे लवेत दिसत नाही, त्यासाठी दोन-तीन महिने थांबावं लागतं.

पिवळ्या पिल्लाचा भरवसा मात्र मी कुणालाच देत नाही. पिवळं पिल्लू पांढरं होऊ शकतं, बदामी होऊ शकतं, अंगानं पांढरं पण मानेला-शेपटीला काळं होऊ शकतं, आणि पिवळ्यात किंचित तांबूस झाक असेल तर ऱ्होड आयलंडसारखं गडद लालही. त्यात पांढरेपणा दोन तऱ्हांचा. लेगहॉर्नचा पांढरा प्रभावी आहे. तो काळा रंग दडपतो, तांबड्याचं त्याला फारसं काही करता येत नाही. लेगहॉर्न बापाची पिल्लं म्हणून पहिल्याच पिढीत पांढरी उतरतात, पण पिवळ्या लवेवर कुठं तरी शाईचा शिंतोडा उडाल्यासारखा काळा ठिपका असतो. तो दिसला की समजायचं, पांढरेपणाचा जनुक एकाच बाजूनं आलाय. मोठेपणी अशा पक्ष्याच्या पांढऱ्यात तुरळक काळी पिसं राहतात. दुसरा पांढरा अप्रभावी, व्हाइट प्लायमाउथ रॉकचा. रंगीत कोंबडीशी संकर झाला की तो पहिल्या पिढीत नाहीसा होतो, सगळी पिल्लं रंगीत. पुढं त्याच भावंडांत जोडी जमली की चारांत एक या हिशेबानं पुन्हा पांढरं निघतं, आणि घरातली माणसं चक्रावतात. भरीला पुष्कळ लेगहॉर्नांच्या पांढऱ्याखाली पट्टेरी रंगाचा जनुक झाकलेला असतो. पांढरा बाजूला झाला की नातवंडांत राखाडी पट्टे अचानक उगवतात.

आईबाप ठाऊक असण्याला सगळ्यात जास्त किंमत येते ती या पट्ट्यांच्या बाबतीत.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. कोंबड्याकडे झेड नावाची गुणसूत्रं दोन, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आई आपलं झेड देते मुलाला, मुलीला देते डब्ल्यू. तेव्हा झेडवर बसलेला रंग आईकडून फक्त मुलांना मिळतो, मुलींच्या वाट्याला येतं ते बापाचं झेड. पट्ट्यांचा जनुक याच झेडवर आहे. पिसाच्या वाढीत तो रंग ठरावीक अंतरानं बंद-चालू करतो, म्हणून राखाडी-पांढरे आडवे पट्टे. पिल्लाच्या काळ्या लवेत पट्टे नसतात, डोक्याच्या मागच्या बाजूला एक पांढुरका ठिपका असतो. आता आई पट्टेरी आणि बाप बिनपट्ट्याचा, काळा किंवा ऱ्होड आयलंड, अशी जोडी लावा. ठिपक्याची पिल्लं सगळी कोंबडे, ठिपका नसलेली सगळी तलंगा. अंड्यातून बाहेर पडल्या दिवशी, पीस फुटायच्या आधी हे कळतं. जोडी उलटी केली की खेळ संपला. शुद्ध पट्टेरी बापाची मुलंमुली सगळीच ठिपक्याची निघतात. ‘ठिपका म्हणजे कोंबडा’ हा गावोगाव सांगितला जाणारा नियम निम्म्या वेळा फसतो तो यामुळं. सांगणाऱ्याच्या घरी आई पट्टेरी होती, ऐकणाऱ्याच्या घरी बाप पट्टेरी आहे.

तांबड्या आणि रुपेरी रंगाची जोडीही झेडवरच. ऱ्होड आयलंडचा कोंबडा आणि लाइट ससेक्सची कोंबडी हा इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांचा जुना ठरलेला संकर. त्यात मुली तांबूस आणि मुलगे फिकट पिवळे निघतात.

या सगळ्याच्या उकलीत केंब्रिजचा मोठा वाटा आहे. विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि मटारावरचे मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं. त्यांच्या प्रयोगांतली एक जात होती इंडियन गेम, म्हणजे आपल्याकडच्या असील कोंबड्यांपासून कॉर्नवॉलमध्ये तयार झालेली. बेटसन यांचे सहकारी रेजिनल्ड पनेट यांनी पुढं १९२९ च्या सुमारास पट्टेरी प्लायमाउथ रॉक आणि सोनेरी कँपाइन यांच्या संकरातून कँबार ही जात उभी केली. तिच्या शुद्ध पिल्लांतही नराची लव फिकट, पट्टे पुसट आणि मादीचे पट्टे ठळक असतात, त्यामुळं जोडी कशी लावली याचा विचारच करावा लागत नाही. आपल्या परसात अशी सोय नाही.

लवेकडून पायांकडे वळा. पिवळे पाय ही आपल्या दृष्टीनं मोठी जवळची गोष्ट आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा, पण कातडीच्या पिवळेपणाचा जनुक त्याच्याकडून आलेला नाही. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तो राखाडी रानकोंबड्याकडून आला असावा. हा राखाडी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या जंगलात आजही ओरडतो. पिवळ्या पायांची पिल्लं आणि पांढऱ्या पायांची पिल्लं एकाच आईची असू शकतात, कारण पिवळेपणा अप्रभावी असतो. कातडीच्या आतल्या थरात काळं रंगद्रव्य असलं तर पिवळे पाय हिरवट दिसतात आणि पांढरे पाय निळसर. लवेचा रंग पुढं बदलतो, पायांचा बऱ्यापैकी टिकतो. मात्र अगदी लहान पिल्लाच्या पायांत हा गडदपणा पुरता उतरलेला नसतो. आठवडाभरानं पुन्हा पाहावं.

उघडी मान तर ओल्या पिल्लातच कळते. मान साफ असेल तर हा गुण दोन्हीकडून आलाय, पुढच्या बाजूला पिसांचा गोंडा राहिला असेल तर एकाकडून. उलट्या पिसांसाठी मात्र पंखाची पहिली पिसं येईपर्यंत थांबायचं. ती बाहेरच्या बाजूला वळू लागली की ओळखावं.

पिसं भरायचं वेळापत्रक थोडक्यात असं. पहिल्या आठवड्यात पंख, तिसऱ्या-चौथ्यात खांदे आणि पाठ, सहा ते आठ आठवड्यांत सगळं अंग. मधल्या काळात पिल्लं इतकी बोडकी, विद्रूप दिसतात की घरातली पोरंही त्यांना हात लावत नाहीत. हा पहिला पोशाखही टिकाऊ नसतो. त्यातला तपकिरी शिंतोडा, पांढरी टोकं बरीचशी गळतात आणि खरा रंग पाच-सहा महिन्यांनी दिसतो. तीन महिन्यांच्या आसपास कमरेवरची पिसं टोकदार, लांब आणि चकचकीत होऊ लागली तर तो कोंबडा. गोल टोकाची राहिली तर तलंग. खरं तर कोंबड्याचा झगमगीत पोशाख हाच मूळचा, मादीच्या अंगचं संप्रेरक तो दाबून ठेवतं. कोंबडीचं एकच, डावं अंडाशय काम करतं. म्हातारपणी किंवा आजारात ते निकामी झालं की ती कोंबड्याची पिसं धारण करते, क्वचित आरवतेही. कोंबडी आरवली म्हणून अपशकुन मानून तिची मान पिरगाळणाऱ्यांनी तिच्या पोटात काय बिघडलं होतं हे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

कडकनाथचा विषय शेवटी ठेवला, कारण सध्या पैसा आणि फसवणूक दोन्ही तिथं जास्त. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यानंतर काळं पीस म्हणजे कडकनाथ असं समीकरण बाजारानं करून टाकलं. पिसांचा आणि त्या काळेपणाचा संबंध नाही. कडकनाथचं काळेपण कातडी, मांस, हाडांवरचं आवरण यांतलं आहे आणि ते विसाव्या गुणसूत्रावरच्या एका बदलातून येतं. चीनच्या सिल्कीत आणि इंडोनेशियाच्या आयाम चेमानीतही तोच बदल आहे. उलट कडकनाथच्या शुद्ध जातीत सोनेरी आणि रेघांच्या पिसांचे प्रकारही असतात. काळेपणाचा हा गुण प्रभावी आहे, पण त्याला अडवणारा दुसरा एक जनुक साध्या पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत असतो, आणि तो पुन्हा झेडवर. बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्येच सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न यांच्या संकरात हे लिहून ठेवलं.

त्याचा परसातला अर्थ असा. बाप कडकनाथ आणि आई पिवळ्या-पांढऱ्या पायांची साधी असेल, तर मुली बऱ्याच काळ्या निघतात, मुलग्यांना आईचा अडवणारा जनुक मिळाल्यानं ते फिकट. आई कडकनाथ आणि बाप साधा असेल, तर सगळीच पोरं फिकट. म्हणून एकाच विक्रेत्याकडून घेतलेल्या पिल्लांतल्या तलंगा काळ्या आणि कोंबडे लाल तुऱ्याचे, फिकट कातडीचे निघाले, तर दोन वेगळ्या जातींची भेसळ झाली असं समजू नका. ती एकाच संकराची सख्खी भावंडं असू शकतात. कडकनाथ म्हणून विकली असतील तर फसवणूक झालीच. घेताना पिसं राहू द्या बाजूला. चोच उघडून जीभ आणि टाळू पाहा, पोटाकडची लव फुंकून कातडी पाहा, आणि विक्रेत्याकडे मोठे पक्षी असतील तर त्यांच्यातला कोंबडा दाखवायला सांगा. कोंबडीवर समाधान मानू नका. संकरातला मिसळीचा पुरावा कोंबड्याच्या अंगावर आधी दिसतो.

(पुढील लेखांक : तलंगांचं खाद्य आणि पहिलं अंडं)