मोंढ्याची रात्र आणि गावाची राखण

मिरचीचा हंगाम चालू असला की धर्माबादची ओळख परक्या माणसाला आधी नाकाने पटते. मोंढ्यातल्या लाल ढिगांवरून वारा आला की त्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी तरळते आणि अडतीवर बसलेले मुनीमजी मात्र काही घडलेच नाही अशा मुद्रेने पट्टी लिहीत राहतात. दिवसभर हमालांची लगबग, शेजारच्या तेलंगणातून आलेल्या गाड्या आणि मराठी, तेलुगू, हिंदी अशा तिन्ही भाषांत ठरणारा भाव. सायंकाळी शटर खाली आले की हाच मोंढा बघता बघता ओस पडतो. गल्ला घरी जातो, माल गोदामात राहतो, आणि त्या मालावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते ती माणसे गावातल्या आपापल्या गल्लीत झोपी जातात. मग गाव कोणाच्या भरवशावर असते?

प्रश्न नवा नाही. पूर्वी गावाला वेस होती, वेशीवर येसकर होता, रात्री फेरी घालणारा जागल्या होता. गावात कोण आले, कोणाकडे उतरले, केव्हा गेले, याची नोंद कागदावर नसली तरी त्यांच्या डोक्यात पक्की असे. निजामी अमलात महसूल पाहणारा माली पाटील आणि बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील असे दोन पाटील असत. पुढे वतने गेली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा वंशपरंपरेचा मानकरी न राहता शासनाने नेमलेला माणूस झाला. गावातील गुन्ह्याची, संशयास्पद हालचालीची, शांतताभंगाच्या भीतीची खबर वेळेवर वर पोहोचवणे हे त्याचे काम. खबर देणे हीच राखणीची पहिली पायरी आहे, हे त्या जुन्या व्यवस्थेलाही ठाऊक होते. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. येसकर आणि जागल्या हे गाव राखत, पण गाव त्यांना आपल्या ओट्यावर बसू देत नसे. ज्यांच्या जागरणावर सावकाराची तिजोरी सुरक्षित राहिली, त्यांची घरे मात्र वेशीबाहेरच राहिली.

धर्माबादला आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे सीमा. निजामाच्या काळात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने हा सारा मुलूख एका रुळावर बांधला. मनमाडकडून येणारी गाडी नांदेड, उमरी, धर्माबाद करीत गोदाकाठच्या बासरला आणि पुढे निजामाबादला जाई, तेव्हा मध्ये राज्याची रेषा नव्हती. आज ती आहे. गिऱ्हाईक, नातेसंबंध आणि उधारी रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहेत, पोलीस ठाण्यांची हद्द मात्र रेषेपाशी थांबते. बासरच्या यात्रेत पाकीट मारले गेले, रेल्वेत बॅग गेली, निजामाबादहून वसुली करून परतताना रस्त्यात कोणी अडवले, की फिर्याद कोठे द्यायची यातच पहिले काही तास जातात. वास्तविक गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. ‘झीरो एफआयआर’ म्हणतात तो हाच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. सीमेवरच्या व्यापाऱ्याने पाठ करून ठेवावे असे कायद्यातले एखादेच वाक्य असेल, तर ते हे.

राखणीचा एक नमुना दूर देशात सापडतो. इंग्लंडमध्ये चेशर परगण्यात चेस्टर शहराजवळ मॉलिंग्टन नावाचे लहानसे खेडे आहे. १९८२ साली तेथील रहिवाशांनी ‘नेबरहूड वॉच’, म्हणजे शेजारपहारा, सुरू केला. अमेरिकेतील शिकागोचा अनुभव त्यांच्यासमोर होता. ब्रिटनमधला हा पहिलाच प्रयोग, आणि थोड्याच वर्षांत तो देशभर पसरला. त्यात काठ्या घेऊन रात्रभर हिंडणे नव्हते. शेजारी गावाला गेला तर त्याच्या दारात साचलेली टपाले उचलून ठेवायची, अनोळखी गाडी पुन्हा पुन्हा दिसली तर तिचा क्रमांक टिपायचा, आणि टिपलेले पोलिसांना कळवायचे, एवढाच बेत. खिडकीवर शेजारपहाऱ्याची चिकटपट्टी लावलेली असे. घरातल्या मौल्यवान वस्तूंवर पत्त्याची खूण करून ठेवायलाही लोकांना सांगितले जाई, म्हणजे चोरीचा माल सापडला तर तो कोणाचा हे कळावे. पहारेकऱ्यांनी डोळे वापरायचे, हात वापरायचे नाहीत. चोर पकडणे हे पोलिसांचे काम, हा भेद त्या योजनेने पहिल्यापासून पाळला.

आपल्याकडेही अशी कल्पना कागदावर जुनीच आहे. १९५१ च्या पोलीस कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. दरोड्यांची आवई उठली की दल उभे राहते, चार रात्री शिट्ट्या वाजतात, पाचव्या रात्री निम्मे गडी येतात, आणि पंधरवड्याने शिट्टी कोणाच्या घरी आहे हेही आठवत नाही. त्यापेक्षा अलीकडची ग्रामसुरक्षा यंत्रणा अधिक टिकाऊ ठरली. पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रातील अनेक गावांनी ती स्वीकारली आहे. गावातील लोकांचे फोन क्रमांक आधी नोंदवून घेतात. संकटात सापडलेल्या माणसाने ठरलेल्या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून आपल्या आवाजात निरोप सांगितला की तोच आवाज एकाच वेळी गावातल्या सगळ्या फोनवर वाजतो. चोर शिरला, आग लागली, बिबट्या दिसला, मूल हरवले, पूर आला, कशासाठीही. तिचा लपलेला गुण असा की निरोप देणाऱ्याचा क्रमांक नोंदलेला असतो. खोटी आवई उठवणाऱ्याला अंधारात राहता येत नाही.

हा गुण किती मोलाचा आहे, हे २०१८ च्या जुलै महिन्याने दाखवून दिले.

त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. भिक्षेवर पोट भरणारे, सोलापूरकडून आलेले भटक्या जमातीचे पाच जण तेथे होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप कित्येक दिवस फोनवरून फिरत होते. त्यांच्यापैकी एकाने लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पाचही जण निरपराध होते.

त्यानंतर बाराच दिवसांनी, १३ जुलैला, हीच गोष्ट मराठवाड्याच्या उंबऱ्यावर घडली. बिदर जिल्ह्यातील औराद तालुका उदगीर–देगलूरच्या माणसाला परका नाही. लग्नसंबंध, बाजार, दवाखाना, सगळे येजा करूनच चालते. हैदराबादहून आलेले काही तरुण त्या भागात सहलीला आले होते. वाटेत शाळेच्या मुलांना त्यांनी चॉकलेटे वाटली. लगेच संशय, लगेच गर्दी. ते गाडीतून निघाले, पण त्यांच्या गाडीपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप वेगाने पुढच्या गावी, मुर्कीला, पोहोचला. तेथे रस्ता अडवून ठेवलेला होता. गाडी उलटली. वाचवायला धावलेल्या पोलिसांनाही मार बसला. एक तरुण अभियंता जिवानिशी गेला आणि त्याचे सोबती गंभीर जखमी झाले. निरोप पसरवणाऱ्या गटाच्या प्रमुखालाही नंतर अटक झाली.

मॉलिंग्टन आणि मुर्की. दोन्ही ठिकाणी लोक जागे होते, दोन्ही ठिकाणी अनोळखी गाडीकडे लक्ष होते, दोन्ही ठिकाणी एका शेजाऱ्याने दुसऱ्याला कळवले. फरक पडला तो कळवल्यानंतर. मुर्कीला गेलेला निरोप पोलीस ठाण्याऐवजी जमावाकडे गेला, आणि त्यात खरे काय घडले हे विचारायला कोणाला सवड नव्हती. घटनेनंतर चार दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मर्यादा यंत्राला घालता येते. पाच जणांपैकी प्रत्येकाने पुन्हा पाचांना पाठवले तर ती पुरत नाही.

व्यापारी घराण्यांनी या बाबतीत इतरांहून अधिक सावध असावे, याला इतिहासात कारण आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि पुढे पुणे-अहमदनगरच्या अनेक गावांत पसरला. रोख होता मारवाडी आणि गुजराती सावकारांवर. कर्जरोखे आणि वह्या हिसकावून जाळण्यात आल्या. त्या रागामागे खरी कारणे होती. कापसाचे भाव पडले होते, सारा वाढला होता, कर्जाचा बोजा असह्य झाला होता, आणि सरकारलाही १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पण जळणाऱ्या दुकानात उभ्या असलेल्या कुटुंबापुरते बोलायचे तर, ते गावाच्या दृष्टीने परके होते हेच त्या दिवशी त्यांचे मोठे पाप ठरले. लोटा-दोर घेऊन मारवाडातून निघालेला पणजोबा ज्या गावाने एका रात्रीसाठी ओसरी दिली म्हणून टिकला, त्याच्या पणतवाने फोनवर ‘अनोळखी लोकांपासून सावधान’ असा निनावी निरोप पुढे ढकलावा, हे विचित्रच. मोंढ्यातले अर्धे हमाल, मिरची निवडायला येणाऱ्या बाया, बहुरूपी, वैदू, चाकूला धार लावणारा, सगळे अनोळखीच. त्यांच्यावाचून बाजार एक दिवस चालायचा नाही.

मग व्यापाऱ्यांच्या गटावर निरोप टाकावा कसा? मालाच्या पट्टीसारखा. पट्टीवर तारीख असते, वजन असते, माल कोणाचा हे असते, खाली लिहिणाऱ्याची सही असते. ‘काल रात्री सुमारे अकरा वाजता अमुक गल्लीत, अमुक रंगाची गाडी, तिचा क्रमांक असा, मी स्वतः पाहिली, ठाण्याला कळवले आहे’ हा निरोप उपयोगाचा. ‘सर्वांनी वाचा, टोळी शिरली आहे’ हा निरोप, जुन्या मुनीमाच्या भाषेत, बिनसहीची हुंडी. तिच्यावर पैसे मोजणारा पेढीवाला दिवाळखोर ठरला असता. आणि तातडीचे काही असेल तर गटापूर्वी ११२ हा क्रमांक.

चोरीची भीती खोटी नाही, हेही तितकेच खरे. पर्युषणात घरातली सगळी माणसे प्रवचनाला जातात, त्या वेळा गावाला तोंडपाठ असतात. लग्नसराईत घराला कुलूप आणि फोनवर मात्र लॉनवरची छायाचित्रे तासातासाला. दागिन्यांची राखण करताना वजनाची चिठ्ठी, पावती आणि छायाचित्र वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा कंटाळा केला जातो. नव्या हॉलमार्कच्या प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, तो वहीत उतरवायला एक दुपार पुरते. कॅमेरे बहुतेक दुकानांत आहेत, पण ते गल्ल्याकडे तोंड करून नोकरावर नजर ठेवतात. एक रस्त्याकडे वळवला तर समोरच्याच्या दुकानाचीही राखण होते, आणि समोरच्याने वळवला तर आपली. गोदामाच्या रखवालदाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, पण रात्री-अपरात्री कोणाला उठवायचे याची यादी बहुतेक ठिकाणी त्याच्याजवळ नसते.

राखण म्हणजे केवळ चोरापासून राखण, असे लातूर-नांदेडकडच्या जुन्या माणसाला कधीच वाटणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या भिंती त्यांच्यावरच कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. मदतीच्या गाड्या पोहोचेपर्यंत हातांनी दगड उचलणारा शेजारीच होता. कोणत्या खोलीत कोण झोपत असे, म्हातारी कोणत्या कोपऱ्यात, लेकुरवाळी कोणत्या, हे ज्याला ठाऊक तोच नेमकी जागा दाखवू शकत होता. पुढे भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे समाजात सर्वांना ठाऊक आहे. त्या पहाटेच्या पहिल्या तासातल्या शेजाऱ्यांची नावे मात्र कोठे लिहिलेली नाहीत.

आज धर्माबादसारख्या गावात मोठमोठ्या वाड्यांतून दोनच माणसे राहतात. मुले पुण्याला, हैदराबादला, काही त्याहून दूर. सत्तरी ओलांडलेले भाईजी आणि भाभीजी संध्याकाळी चौविहार करून लवकर आडवे होतात. त्यांच्या दारी पहाटे दूधवाला येतो. पिशवी कडीला अडकवतो आणि पुढे जातो. परतताना ती तशीच दिसली, तर काही दूधवाले सायकल थांबवून एकदा कडी वाजवतात.