लसूण काळा पडला नाही, म्हणून?

पाऊस लागला की चाकण-राजगुरुनगरच्या रस्त्याने भीमाशंकरला जाणाऱ्यांची रीघ लागते. आमच्या चिंचवडच्या बिल्डिंगमधलीही दोन कुटुंबं परवा जाऊन आली, ती पिशवीभर अळंबी घेऊनच. कुजक्या ओंडक्यावर उगवलेल्या पांढऱ्या, शिंपल्यासारख्या छत्र्या! शेजारच्या वहिनींनी कढई चढवलीसुद्धा. "लसूण टाकून बघते. काळा नाही पडला तर खुशाल खायच्या. आमच्या सासूबाई असंच करायच्या." मी धावत जाऊन गॅस बंद केला.

भगिनींनो, लसूण, हळद, चांदीचा चमचा, यांतली एकही परीक्षा खरी नाही. किडे खातात म्हणून चांगली, हेही खरं नाही. अमानिटा जातीतल्या काही छत्र्यांचं विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर ते सहा-बारा तास गप्प बसतं, मग उलट्या-जुलाब होतात. पुढे एखादा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात आत यकृत निकामी होत असतं! लाकडावरची तेवढी निर्धोक, असं म्हणावं तर गॅलेरिना नावाची इवलीशी तपकिरी छत्री लाकडावरच येते, अन् तिच्यातही तेच विष.

आपण बाजारातून आणतो ती धिंगरीही रानात लाकडावरच उगवते. तिचा देठ आखूड, एका कडेला. टोपीखालचे पातळ पडदे देठावर उतरलेले. पण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्याही असतात. म्हणून जाणकार छाप घेतात. टोपी पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवायची, वर पेला पालथा घालायचा. सकाळी बारीक भुकटी पडलेली दिसते. धिंगरीची पांढरी किंवा फिकट जांभळट. हिरवळीवर येणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीची मात्र हिरवट, आणि ती खाल्ली की दोन-तीन तासांत उलट्या. अर्थात छाप पांढरा आला म्हणून कढई चढवायची नाही हं. अमानिटाचाही पांढराच असतो.

चुकून कुणी खाल्लीच, तर मधे बरं वाटलं तरी थांबू नका. उरलेली भाजी आणि कच्चा तुकडा कागदात गुंडाळून लगेच दवाखाना गाठा.

शिवाय भीमाशंकर 1985 पासून अभयारण्य आहे. तिथून काही तोडून आणायला मनाईच आहे. पावसाळ्यात तिथल्या कुजक्या लाकडांवरची काही बुरशी रात्री हिरवट उजेड देते, ती बघावी नि परत यावं.

वहिनींनी त्या रात्री दोडक्याची भाजी केली. एक छत्री मात्र पेल्याखाली ठेवली. सकाळी छाप उमटला, तो तपकिरी. म्हणजे धिंगरी नव्हतीच ती.