एकाच घरातील दोन आजार

बुवापाड्यातील एक घर डोळ्यांसमोर आणू या. थोरल्या मुलीचे वजन वाढत चालले आहे, तिला थंडी सोसवत नाही, अभ्यासाला बसली की डोळे मिटतात. धाकटी मात्र वाळत चालली आहे; भूक भरपूर, तरी छातीत धडधड, हातांना कंप आणि डोळे पुढे आल्यासारखे. घरात एकीला आळशी म्हणतात, दुसरीला चिडकी. वास्तविक दोघींचाही विकार गळ्याच्या पुढील भागातील, फुलपाखराच्या आकाराच्या थायरॉइड ग्रंथीचा आहे. हे घर कल्पनेतील असले, तरी एकाच कुटुंबात हे दोन्ही आजार आढळतात, ही वस्तुस्थिती आहे.

दोन्ही आजारांत शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजते. थोरलीच्या आजाराचे वर्णन जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली केले. त्यात ग्रंथीच्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि संप्रेरक कमी पडते. धाकटीचा आजार आयर्लंडमधील डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली वर्णिला. त्यात ग्रंथी नष्ट होण्याऐवजी बेसुमार काम करते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा आदेश थायरॉइडच्या पेशीवरील ज्या ग्राहकावर पोहोचतो, त्यालाच रक्तातील प्रतिपिंडे चिकटतात. दाराच्या घंटेवर कोणी बोट दाबून धरावे, तसा हा प्रकार.

मग आईवडील एकच असताना आजार दोन का? याचे उत्तर काही अंशी जनुकांत आहे. काही जनुके दोन्ही आजारांना समाईक आहेत. दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘सीटीएलए-४’ हे जनुक प्रतिकारशक्तीचा ब्रेक आहे. तो सैल असला की दोन्हींचा धोका वाढतो. आठव्या गुणसूत्रावरील थायरोग्लोब्युलिनच्या जनुकाचाही दोहोंशी संबंध आढळला आहे. परंतु चौदाव्या गुणसूत्रावरील त्या ग्राहकाचे जनुक मुख्यतः ग्रेव्हजच्या आजाराशी निगडित आहे. सहाव्या गुणसूत्रावर आपले-परके ओळखण्यास साहाय्य करणारी ‘एचएलए’ जनुके असतात. त्यांतील ‘डीआर-३’ या प्रकाराचे ग्रेव्हजशी असलेले नाते युरोपीय लोकांत स्पष्ट दिसते. हाशिमोतोच्या बाबतीत असे नाते तितके ठळक नाही. सख्ख्या बहिणींना आईवडिलांकडून जनुकांचा सारखाच वाटा मिळत नाही, म्हणून समाईक कमजोरी असूनही वाटा वेगळ्या होऊ शकतात.

मात्र परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत. ‘पीटीपीएन-२२’ या जनुकाचा युरोपात धोक्याचा ठरलेला एक प्रकार भारतीयांत क्वचितच सापडतो. आपल्याकडील रुग्णांचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा. हे काम आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे हाती घेतले, तर त्याचे मोल मोठे असेल.

जनुके म्हणजे ललाटरेषा नव्हेत, हे यातून ध्यानात घ्यावे. हुबेहूब जुळ्यांची जनुके सारखी असूनही एकाला ग्रेव्हजचा आजार झाला म्हणून दुसऱ्याला तो होतोच असे नाही. डेन्मार्कमधील अभ्यासात अशा सुमारे एक तृतीयांश जोड्यांतच दोघांना तो आढळला. आयोडीनचे प्रमाण, धूम्रपान, बाळंतपण यांचाही वाटा असतो. हे आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कित्येक पटींनी अधिक दिसतात. आणि आपल्या समाजात त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. ‘थायरॉइड आहे’ म्हणून स्थळ नाकारणे किंवा मुलीने आजार लपवणे, दोन्ही अज्ञानातून घडते. हा आजार संसर्गजन्य नाही आणि त्यावर उपचार आहेत.

त्यासाठी जनुकांची महागडी तपासणी लागत नाही. ‘टीएसएच’ची साधी रक्ततपासणी पहिली दिशा दाखवते. हाशिमोतोमध्ये संप्रेरक कमी पडले, की रोज उपाशीपोटी घ्यावयाची गोळी ती उणीव भरून काढते. ग्रेव्हजसाठी औषधे, शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन असे मार्ग आहेत. या आयोडीन-उपचाराचे काम करणारे रेडिएशन मेडिसिन सेंटर मध्य रेल्वेच्या आपल्याच मार्गावरील परळ येथे १९६३ पासून आहे.

वसतिगृहातील एखादी मुलगी अकारण थकत असेल, वाळत असेल किंवा अभ्यासात मागे पडत असेल, तर अधीक्षकांनी व पालकांनी रागावण्याआधी तिची रक्ततपासणी करून घ्यावी. घरात एकीला हा आजार निघाला, तर तिच्या भावंडांविषयीही डॉक्टरांना विचारावे. आळशी हा शब्द उच्चारण्यापूर्वी एवढे केले, तरी एका मुलीचे शाळेचे वर्ष वाचू शकते.